परभारी बाई

शाळेत काही झालं की मी मनाशी ठरवते, हे कुणाला सांगायचं नाही. नुसता वैताग आहे, आणि वैताग काय सांगायचा! पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपारची एस.टी. धरून मी साताऱ्याला घरी येते, मैत्रिणी जमतात, आणि कुणीतरी विचारतंच, "काय गं, कशी चाललीय नोकरी?" मी "वैताग" एवढंच म्हणून गप्प बसते. मग पुढचं आपोआप सुरू होतं. टेबलाच्या खणात खडूचे तुकडे साठतात ना, तसं झालंय हे. एकही तुकडा धड लिहिण्याजोगा नसतो, पण टाकवतही नाही. आणि एक दिवस खण उघडेनासा होतो.

आमची शाळा तासगावच्या पुढं आहे, एस.टी. जिथं वळून परत फिरते तिथं. शाळेत आम्ही दोघीच बायका. एक मानेबाई. गणित आणि शास्त्र शिकवतात, शाळा निघाली तेव्हापासून आहेत. दुसरी मी. बी.ए., बी.एड्., पहिलीच नोकरी. बाकी सगळे सर.

माझ्याबद्दल एक आधीच सांगून टाकते. मी दचकते. आमच्या घरात दोन पिढ्या पलटणीत; वडील सुभेदार होऊन रिटायर झाले, काका अजून नोकरीत आहेत. आणि मी कुकरची शिट्टी झाली तरी हातातलं भांडं सोडते. वडील म्हणतात, "हिच्या वाटणीचं धाडस आम्हीच वापरून टाकलं बहुतेक."

*

आणि अशा मुलीला पहिले हेडसर मिळाले ते गळ्यात शिट्टी घालणारे!

अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. तोंडानं काम सांगणं त्यांना कमीपणाचं वाटे. एक शिट्टी झाली की शिपाई दगडूतात्यांनी धावायचं. दोन झाल्या की जो सर मोकळा असेल त्यानं यायचं. बायकांना शिट्टीनं बोलावणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून आमच्यासाठी टाळी.

त्यामुळं मी शिट्टीला दचकायची आणि टाळीला पळायची. दिवसभर हाच उद्योग. वर्गात कविता शिकवतानासुद्धा एक कान ऑफिसकडं. मुलं इतकी तयार झाली होती, की टाळी झाली की मी पुस्तक मिटायच्या आत तीच म्हणायची, "बाई, पळा."

मानेबाई मात्र टाळीला कधी उठल्या नाहीत. एकदा हेडसरांनी टाळीवर टाळी, टाळीवर टाळी वाजवली आणि शेवटी स्वतःच स्टाफरूमच्या दारात येऊन उभे राहिले. ऐकू आलं नाही का, म्हणून विचारलं.

मानेबाईंनी वहीतून मान वर केली. "आलं की, सर. मला वाटलं आरती चाललीय."

*

आमच्या शाळेत पाहुणा आला की त्याला ओवाळायचं, ही संस्थेची जुनी रीत.

संस्थेचे चेअरमन म्हणजे आबा. गावातली सगळ्यांत मोठी द्राक्षबाग त्यांची, एकुलती एक जीप त्यांची, आणि शाळाही आपल्या बागेतलीच एक ओळ आहे अशी त्यांची समजूत. आबा आले, ओवाळा. आबांचे व्याही आले, ओवाळा. एकदा आबांचा पंप दुरुस्त करायला आलेला मेकॅनिक चुकून जीपमधून शाळेच्या दारात उतरला. त्यालाही ओवाळलंय मी. हातातला पाना खाली ठेवून बिचारा उभा राहिला.

ओवाळायचं कुणी, तर बायकांनी. त्यात मानेबाई कधीकधी नाही म्हणायच्या. आता महिन्यातले काही दिवस बाईमाणसानं कुंकवाच्या ताटाला हात लावायचा नाही, हे गावात कुणाला ठाऊक नाही? पण ते कारण हेडसरांच्या टेबलासमोर, शेजारी दोन सर चहा पीत बसलेले असताना सांगायचं कसं? मानेबाई "अडचण आहे" एवढंच म्हणायच्या.

आणि हेडसर म्हणायचे, "अडचणी सगळ्यांनाच असतात, बाई. माझ्या घराचं पत्र्याचं छत गळतंय."

माझी तर 'अडचण' हा शब्द उच्चारायचीसुद्धा छाती नव्हती. त्यामुळं ताट कायमचं माझ्याकडं आलं. असेल अडचण, नसेल अडचण. देवाला काय वाटत असेल ते वाटो.

त्या वर्षी गॅदरिंगला आबा जरीचा फेटा बांधून आले. शेमला खांद्यावरून पुढं घेतलेला. मी ताट धरून पुढं झाले, दुसरा फेरा घेतला, आणि लेझीम सुरू करायचा इशारा म्हणून हेडसरांनी अगदी माझ्या कानाशी शिट्टी फुंकली. व्हायचं ते झालं. निरांजन आणि शेमला यांची गाठ पडली. दगडूतात्यांनी तांब्या उपडा केला तेव्हा कुठं विझलं. आबांच्या जाकिटातून पाणी निथळतंय, हेडसर माझ्यावर ओरडताहेत, "बाई, लक्ष कुठं होतं तुमचं?", आणि मी ताट छातीशी धरून उभी.

आबा शेमला पिळत म्हणाले, "असू द्या, हेडसर. आमच्या लग्नात बी एवढा उजेड पडला न्हवता."

मला वाटलं, निदान आता तरी ताटातून सुटले. चार दिवसांनी आबा पुन्हा आले. ऑफिसातून टाळी!

*

मग हेडसर रिटायर झाले आणि खऱ्या कटकटी सुरू झाल्या.

सिनिऑरिटीनं नंबर मानेबाईंचा. त्यात वाद घालायला जागाच नव्हती. पण आबांच्या मनात पवारसर होते. पवारसर मराठी शिकवतात, माणूस अगदी गरीब, आणि आबांच्या सख्ख्या भाचीचे यजमान. आता नियम असा, की ज्येष्ठ माणसाला बाजूला ठेवायचं तर त्यानं स्वतःच 'मला हे पद नको' असं म्हणावं लागतं. आणि मानेबाई काही 'नको' म्हणेनात. म्हणून आबांनी तोडगा काढला. बाई 'नको' म्हणेपर्यंत त्यांना करायचं प्रभारी. नुसता तात्पुरता कारभार, कायम नाही.

दगडूतात्यांना हा शब्द नवा होता. त्यांनी ऑफिसच्या दारावरची पाटी पुसून खडूनं लिहिलं, 'परभारी मुख्याध्यापक'.

मी म्हटलं, "तात्या, ते प्रभारी आहे."

"त्येच की. परभारी."

तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, आमच्याकडं परभारे म्हणजे मधल्या माणसाला न विचारता, बाहेरच्या बाहेर. दुसऱ्याच दिवशी एक पालक आले, पाटी वाचून अडखळले आणि तात्यांना विचारू लागले, की हे परभारी काय प्रकरण आहे? तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली घेऊन सांगितलं, "आवं, आबास्नी न इचारता आल्यात. म्हून परभारी."

आठवडाभरात गावात नाव झालं, परभारी बाई. मी घाबरत घाबरत मानेबाईंना म्हटलं, पाटी नीट लिहून घेऊ का? त्यांनी पाटीकडं पाहिलं. म्हणाल्या, "राहू द्या. असं काही चुकलेलं नाही."

आबांनी निरोप पाठवला होता, की हेडसरांची मोठी खुर्ची कायम माणसासाठी आहे, तोवर ती झाकून ठेवावी. तात्यांनी तिच्यावर पांढरं धोतर पांघरलं. मानेबाई प्रयोगशाळेतलं स्टूल आणून त्याच टेबलाच्या कडेला बसू लागल्या. बाहेरचा माणूस आत आला की आधी त्या पांढऱ्या खुर्चीकडं बघायचा आणि आपोआप टोपी काढायचा.

*

मानेबाईंची पद्धत वेगळी. शिट्टी नाही, टाळी नाही. त्या आम्हा सगळ्यांना बसवायच्या आणि एकेकाला विचारायच्या, "तुमचं मत काय?"

आता मला सांगा, बी.एड्.ला मतं कुणी शिकवली होती? हेडसरांच्या वेळी जीव नुसता दचकण्यात जायचा. आता आदल्या रात्रीपासून मत शोधण्यात जायला लागला. आणि मीच नाही, सगळे वैतागले. सरळ सांगून मोकळं व्हावं ना! मीटिंग संपेपर्यंत शेवटची एस.टी. निघून जायची.

पहिल्या मीटिंगचा विषय होता विटा. स्टेज बांधून उरलेल्या विटा मैदानात पडून होत्या. त्यांचा स्टेजला कठडा करायचा, की मुलींसाठी आणि आमच्यासाठी मुतारी बांधायची? शाळेत आम्हाला आडोसाच नव्हता. मी सकाळी तासगावातल्या खोलीवरून निघाल्यापासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही. मुलींचंही तेच. पण आजवर हे कधी मीटिंगमध्ये बोललं गेलं नव्हतं. विषय निघाला आणि सगळे सर आपापल्या पेनांची टोपणं तपासू लागले.

मानेबाईंनी सुरुवात जाधवसरांपासून केली. जाधवसर पी.टी.चे, पलटणीत हवालदार होते, मिशा अजून पलटणीतच आहेत. ते ताडकन उभे राहिले. "बाई, तुमी आर्डर द्या. मत मागू नका."

"का हो?"

"मत दिलं की जबाबदारी येती."

मग त्या माझ्याकडं वळल्या. मी दचकून "हो हो" म्हणून टाकलं. त्या दोन 'हो'चा अर्थ असा निघाला, की मुतारी बांधायची आणि गवंड्यावर देखरेख मी करायची! मधली सुट्टी गेली माझी, उन्हात उभं राहून. गवंडी विचारायचा, "बाई, भित किती उंच घ्यू?" आणि मी लाजेनं आभाळाकडं हात करायची. आमची मुतारी म्हणूनच किल्ल्यासारखी झालीय.

भिंत पुरी होत आली तेव्हा आबांची जीप आली. आबांनी उतरून त्या बुरुजाला एक चक्कर मारली.

"दगडू, ह्ये कुणाला इचारून बांधलं?"

"परभारे," तात्या म्हणाले.

*

पुढच्या मीटिंगला मानेबाई म्हणाल्या, "ओवाळायचं काम एकट्या शिंदेबाईंवर पडतंय." शिंदेबाई म्हणजे मी. "ते सगळ्यांनी वाटून घ्यायला हवं. आपण पाळी लावू या."

स्टाफरूम गार! जाधवसर छताकडं बघायला लागले. माझे कान असे तापले की वाटलं, आता कर्णफुलं वितळतात. मानेबाईंना क्षणभर समजेचना काय झालं ते.

मग समजलं. अगदी शांतपणे म्हणाल्या, "पाळी म्हणजे टर्न, जाधवसर."

"व्हय, व्हय. टर्न. टर्न लावा की!"

त्या दिवसापासून स्टाफमधले सगळे पुरुष 'टर्न' म्हणायला लागले. नळावर पाणी भरायची टर्न, परीक्षेच्या सुपरव्हिजनची टर्न. दगडूतात्या तर "आज घंटा द्यायाची ट्रन माजी" म्हणायला लागले, आणि घंटा देणारे ते एकटेच आहेत.

फक्त पवारसर बदलले नाहीत. चांगला मराठी शब्द हाताशी असताना परका शब्द का घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं. ते डस्टरला 'पुसणं' म्हणतात आणि सायकलच्या दुकानात जाऊन हवा भरायचं यंत्र मागतात. "पाळीनं येणारी ती पाळी," ते म्हणाले. "यात लाजण्यासारखं काय आहे?" जाधवसरांनी त्यांच्याकडं असं पाहिलं, की या माणसाचं लग्न झालंय का नाही!

पवारसरांची आणखी एक गंमत म्हणजे ते याच शाळेत शिकले, मानेबाईंच्या हाताखाली. मानेबाई उभ्या असल्या की ते बसू शकत नाहीत. एकदा स्टाफरूममध्ये वाचत बसले होते, मानेबाईंनी दारातून "पवार" अशी हाक मारली, आणि पवारसर उठून उभे राहत म्हणाले, "हजर!"

तर पहिली टर्न जाधवसरांची आली. आबांचे एक व्याही आले होते, तेही पलटणीतून रिटायर झालेले. जाधवसर ताट घेऊन संथ चालीत आले, तीन पावलांवर थांबले, टाच वाजवली, कपाळाला नेम धरून कुंकू लावलं, आणि वात जराही न हलवता ओवाळलं. मग डाव्या हातात ताट तोलून उजव्या हातानं कडक सॅल्यूट. व्याह्यांनी हार गळ्यात असताना उलट सॅल्यूट ठोकला.

जीपमध्ये बसताना ते आबांना म्हणाले, "पावणं, वोवाळून घ्यायाचं एवढं भ्या कवा वाटलं न्हवतं."

*

मध्येच एक गृहस्थ साताऱ्याहून आले. एम.एड्. करत होते. त्यांचा विषय स्त्री आणि पुरुष मुख्याध्यापकांची कार्यपद्धती व शिक्षकांचं व्यवसाय-समाधान. आमच्यावर येऊन आदळायला हाच विषय सापडला त्यांना!

ते ऑफिसात गेले. पांढऱ्या खुर्चीकडं बघून आदरानं थबकले आणि स्टुलावरच्या मानेबाईंना विचारलं, हेडसर कुठं आहेत? मानेबाई टाइमटेबलात बुडालेल्या. "बसा," म्हणाल्या. ते बसले. तात्यांनी चहा दिला. दुसऱ्यांदा चहा दिला. मधली सुट्टी झाली तेव्हा ते चुळबुळत म्हणाले, हेडसरांना फारच उशीर होणार आहे का?

"नाही," मानेबाई पेन्सिल ठेवत म्हणाल्या. "झाल्या त्या मोकळ्या. विचारा."

नंतर ते स्टाफरूममध्ये आले आणि एकेकाला धरून विचारू लागले, की तुम्ही पूर्ण समाधानी, बऱ्यापैकी समाधानी की असमाधानी? जाधवसर म्हणाले, "त्याचं असं हाय साहेब, पयल्यांदा शिट्टी वाजली की काम सुरू, शिट्टी थांबली की काम बंद. आता शिट्टीच न्हाई. त्यामुळं काम थांबतच न्हाई." मग असमाधानी लिहू का, असं विचारल्यावर मात्र ते भडकले. "मी असं कुटं म्हनलो?"

शेवटी माझा नंबर लागला. मी आधी दाराबाहेर कोण आहे ते बघून घेतलं. मग सांगितलं, बऱ्यापैकी समाधानी. आधीच्या सरांच्या वेळी? बऱ्यापैकी. आणि आता या बाईंच्या वेळी? बऱ्यापैकी. त्या गृहस्थांनी डोक्याला हात लावला. "अहो बाई, मग दोघांत फरक काय?"

मी खरोखरच विचार केला. म्हटलं, "आता मी पाणी पिते."

त्यांनी काहीच लिहून घेतलं नाही.

*

इकडं महिने चालले होते आणि मानेबाई काही 'नको' म्हणत नव्हत्या. सांगलीच्या शिक्षणखात्यातून विचारणा येऊ लागली, की हे प्रभारी प्रकरण कुठवर चालणार? आबांची घाई वाढली. आणि आम्हा सगळ्यांना कळून चुकलं, की आत्ता बाई हरल्या तर कायमच्याच हरल्या. पवारसर वयानं लहान आहेत. ते एकदा बसले की मानेबाई रिटायर होईपर्यंत उठायचे नाहीत.

मला काय वाटतं हे कुणी विचारलं असतं तर मी 'बऱ्यापैकी' म्हटलं असतं. पण रात्री झोप लागत नव्हती. पुन्हा टाळीला पळायचं? पवारसर टाळी वाजवणारे नाहीत. पण त्यांच्या मागं आबा होते, आणि आबांचे हात मोठे आहेत.

आबांनी मानेबाईंशी याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. बाईमाणसाशी काय बोलायचं! त्यांनी बोलावून घेतलं मानेबाईंच्या यजमानांना. ते तासगावच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर आहेत. आबांच्या घरी चहा द्यायलाही दगडूतात्याच असतात, त्यामुळं पुढचं आम्हाला जसंच्या तसं कळलं.

आबांनी बराच वेळ गोडीगुलाबीनं सांगितलं. बाईंना घर आहे, पोरं आहेत, सासूबाई थकल्यात. हेडमास्तरकी म्हणजे डोक्याला ताप, सांगलीच्या खेपा. बाईंची दगदग आम्हाला बघवत नाही. आणि शेवटी म्हणाले, "तवा पावणं, तुमीच घरी सांगा. नको म्हना म्हणावं."

मानेसाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली. "आबा, स्टँडवर कुठली गाडी कवा सोडायची ती मी सांगतो. पण घरात कायम त्या हायत. मी परभारी."

*

एवढ्यावर आबा थांबतील असं आम्हाला वाटलं होतं. पण आबांनी परभारे सगळं जुळवून टाकलं.

सांगलीहून साहेब येणार असं ठरलं. आबांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, की बाईंना स्वतःलाच पद नको आहे, तुमच्यासमोर तसं सांगतील. चार माणसांत, साहेबांच्या पुढ्यात, एक बाईमाणूस 'मला पाहिजे' असं थोडंच म्हणणार आहे! मान खाली घालून गप्प बसेल, आणि गप्प बसणं म्हणजे 'नको'. आबांचा हिशेब असा होता, आणि खोटं कशाला सांगू, मलाही तो बरोबरच वाटत होता.

आदल्या दिवशी आबांनी मला व्हरांड्यात गाठलं. मी दचकले, हातातल्या वह्या खाली. आबांनी दोन वह्या उचलूनही दिल्या. म्हणाले, "धाकल्या बाई, उद्या नव्या हेडसरास्नी वोवाळायचं हाय. पवारसरास्नी. तुमच्या हातनंच. निस्ता शेमल्याचा खेळ करू नका."

रात्रभर मी अंथरुणावर बसून काढली. ओवाळलं तर मानेबाईंना तोंड कसं दाखवू? नाही ओवाळलं तर आबा नोकरीवरून काढतील. सकाळी मानेबाई फळ्यावर गणित मांडत होत्या, तिथं जाऊन सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज टर्न तुमची आहे?"

"नाही."

"मग ताट तयार करा, टेबलावर ठेवा आणि बाजूला उभ्या राहा." आणि पुन्हा गणिताकडं वळल्या. मला असा राग आला! मी रात्रभर जागी, आणि या बाई अपूर्णांक सोडवताहेत!

कार्यक्रम आठवीच्या मोठ्या वर्गात होता. मधोमध मोठी खुर्ची, धोतर काढून पुसलेली. एका बाजूला साहेब आणि आबा. दुसऱ्या बाजूला आम्ही सगळे उभे. दारात दगडूतात्या. मागच्या बाकांवर आठवीची मुलंमुली दाटीवाटीनं बसलेली. पवारसर नवी टोपी घालून आले होते आणि ती सारखी काढून पुन्हा घालत होते. मी ताट टेबलावर ठेवलं, निरांजन लावलं आणि भिंतीला चिकटले.

आबा बोलायला उभे राहिले. बाईंनी आजवर शाळा कशी सांभाळली, बाईंचं मन किती मोठं आहे, आणि आता तरुण रक्ताला वाव मिळावा म्हणून बाई स्वखुशीनं...

साहेबांनी चष्मा काढला. "आबा, बाई इथंच आहेत ना? मग त्यांनाच विचारू की." आणि ते मानेबाईंकडं वळले. "बाई, तुमचं मत काय?"

मी दचकले. जाधवसरही दचकले, मी पाहिलं. इतके महिने हा प्रश्न मानेबाई आम्हाला विचारत होत्या, विटांपासून घंटेपर्यंत. त्यांना तो कुणी विचारला नव्हता. आम्हीसुद्धा नाही.

मानेबाईंनी बोटांवरचा खडू पदराला पुसला. एवढा वेळ लावला की मला वाटलं, संपलं.

"मला हवंय, साहेब," त्या म्हणाल्या.

मागच्या बाकावर कुणाचीतरी कंपासपेटी पडली. साहेब म्हणाले, "मग प्रश्न मिटला. माझ्याकडून कायम. बसा, बाई, खुर्चीवर."

आबा घाईघाईनं मध्ये झाले. "आवं थांबा साहेब, बाई तशा लाजेनं... पवार! आवं पवारसर, कुटं हायसा? बसा की खुर्चीवर, कवापास्नं सांगून ठिवलंय!"

पवारसर टेबलापाशी होते. त्यांनी ताट उचललेलं होतं. दोन्ही हातांत धरून, वातीवरची नजर न काढता ते हळूहळू चालत मोठ्या खुर्चीला वळसा घालून मानेबाईंच्या समोर येऊन उभे राहिले.

"आवं, तुमी वोवाळून घ्यायचं हाय!" आबा म्हणाले. "तुमी बसायचं हाय!"

पवारसर वळले. कविता शिकवताना लावतात तो आवाज त्यांनी लावला, शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोचणारा.

"आबा, मला आज बसता येणार नाही. माझी पाळी आहे."